पहिली तलवार: पात्याआधी मूठ

समुद्रपूरचा तरुण पहिली प्रतिकृती निवडताना बहुधा पात्याची लांबी पाहतो. आधी पाहावी ती मूठ.

समुद्रपूरचा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची तलवार २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळवली. तिचे एकधारी पाते युरोपीय घडणीचे, म्हणून ती ‘फिरंग’. मूठ मात्र देशी, मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पाठीवर देवनागरीत रघुजींचे नाव. पाते परदेशी असले, तरी तलवार मालकाची झाली ती मुठीने आणि नावाने.

प्रतिकृतीलाही हीच कसोटी लावावी. परज आणि कटोरी यांच्यामध्ये चार बोटे नेमकी बसावीत. मूठ सैल असेल तर हातात फिरते. अरुंद असेल तर बोटे चेमटतात. तोल मुठीजवळ असला की मनगट लवकर थकत नाही. लांब धोप उंच्यापुऱ्या माणसाला पेलते. इतरांनी आखूड पाते घ्यावे. भिंतीवरची शोभेची तलवार सरावात फिरवू नये.

पाते मात्र बोथटच असावे: ९ इंचांहून लांब धारदार तलवार शस्त्र नियमांनुसार शस्त्रच ठरते.