धूर, वारा आणि दर्या

भिलाईला समुद्र नाही. त्यातल्या त्यात जवळचा बंगालचा उपसागर, आणि तोही शेकडो किलोमीटर दूर. तथापि या नगरीचा समुद्राशी काही संबंध नाही, असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. येथला पावसाळा पुष्कळ अंशी उपसागरात उठणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर जगतो. शिवनाथेचे पाणी महानदीवाटे त्याच उपसागराला मिळते. आणि २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’साठी जे खास पोलाद लागले, त्यातले काही येथल्याच कारखान्यात घडले.

१९५९ साली येथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी देवबागेकडचा एक गाबित तरुण पोलाद कारखान्यात नोकरीला लागला आणि फोरमन होऊन निवृत्त झाला. सेक्टरमधल्या त्याच्या घरी मुलांची भाषा हिंदीकडे झुकली, मालवणी त्याच्यापुरती उरली. परंतु सकाळी अंगणात येऊन धुराड्यांकडे पाहण्याची सवय मोडली नाही. धूर सरळ वर चालला आहे की कलतो आहे, कलत असल्यास कोणीकडे, हे पाहिल्यावाचून त्याचा दिवस सुरू होत नसे. यात विक्षिप्त असे काही नाही. ब्यूफर्टने १८०५ साली वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी समुद्रासाठी मांडली, तिच्या जमिनीवरील रूपात पहिल्या पायरीची खूण हीच आहे : धूर कलतो, पण वातकुक्कुट हलत नाही.

मराठी काव्याने समुद्राला हाक पुष्कळ मारली. सावरकरांनी १९०९ साली ब्राइटनच्या किनाऱ्यावर त्याला आळवले, ‘कोलंबसाचे गर्वगीत’मध्ये कुसुमाग्रजांनी त्याला आव्हान दिले. दोन्ही रचना थोरच; पण दोहोंत समुद्र हा श्रोता आहे. समुद्र वाचणाऱ्यांची मराठी निराळी. उधाण, भांग, सुकती, मतलई हे तिचे शब्द. आणि चुकीच्या वाचनाची किंमत तेथे जिवाने मोजावी लागते. साहित्याच्या अभ्यासकांनी या शब्दांकडे बोलीतली गंमत म्हणून पाहिले, हे काही भूषणावह नाही.

फोरमनचा नातू नोकरीनिमित्त गोव्यात राहतो आणि फळीवरून लाटा खेळतो. अलीकडे त्याने फळीखाली पंख लावलेले फॉइल घेतले आहे. त्यावर उभे राहिले की फळी पाण्याच्या वर उचलली जाते आणि न फुटलेल्या लाटेच्या उतारावरूनही धावते. पहाटे जमिनीवरून येणारी मतलई पाण्याचा पृष्ठभाग घोटून ठेवते आणि दुपारचा खारा वारा तो विसकटतो, हे त्याला ठाऊक होते. शब्द तेवढे ठाऊक नव्हते. एका मे महिन्यात त्याने दूरध्वनीवर आकडे वाचून दाखवले : लाट सव्वा मीटर, अंतर सतरा सेकंद, वारा जवळजवळ नाही. देवबागेला कर्लीच्या मुखातून पहाटे बाहेर पडण्याचा त्याचा बेत होता.

“वारो खंयचो?” आजोबांनी नेहमीप्रमाणे विचारले. वारा नाही, हे पुन्हा ऐकल्यावर ते गप्प झाले. मग त्यांनी पाणी चढते की सुकते, ते विचारले.

वारा नसताना सतरा सेकंदांची लाट येते ती परक्या मुलखातून. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळ उठते, तेथून ती निघते. खोल पाण्यात तिचे एक शिखर दुसऱ्यापासून सुमारे साडेचारशे मीटर दूर असते. तिची शक्ती दिवसाला हजाराहून अधिक किलोमीटर सरकते आणि आठवड्याच्या आत कोकणाला पोचते. जास्त सेकंदांच्या लाटा आधी, कमी सेकंदांच्या मागून. वॉल्टर मुंक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठाणी बसवून अशाच लाटांचा माग काढला होता. खोल समुद्रात होडीखालून गेली तरी ती जाणवणार नाही. उथळावर मात्र ती उभी राहते, आणि नदीचे सुकते पाणी समोरून आले तर अधिकच ताठ होते. आजोबांचा थोरला भाऊ अशाच एका निवांत सकाळी खाडीच्या तोंडावर गेला होता. घरात ही गोष्ट कोणी काढत नसे. त्या दिवशी त्यांनी ती नातवाला सांगितली, तीही मालवणीत. अर्धी त्याला कळली नसावी.

नातू पहाटे मुखापाशी गेला तो फळी न घेता. पाणी सुकत होते. घडी न मोडलेल्या कापडासारखा दर्या त्याने दहा मिनिटे पाहिला, आणि आजोबांनी उगाच अडवले असे त्याला वाटू लागले. त्यानंतर एकामागून एक तीन लाटा मुखाच्या या काठापासून त्या काठापर्यंत फुटल्या. त्याने घड्याळ पाहून दोहोंमधले अंतर मोजले आणि भिलाईला दूरध्वनी लावला.