पाणी गढूळ असेल तर बोर्डावरचा क्लोरीनचा आकडा कसा वाचायचा?



जुलै आला की आपली पोरं दिवसभर पूलमध्ये, आणि आपल्याला तोच प्रश्न: "पाणी जरा धुरकट दिसतंय गं, पण बोर्डावर क्लोरीन बरोबर लिहिलंय. सोडू का मुलांना?" मी सीए आहे, केमिस्ट नाही. पण आकडा दिसला की तो आला कुठून हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. (घरचे वैतागतात.)

बहुतेक ठिकाणी डीपीडी नावाची पावडर किंवा गोळी वापरतात. पाण्यात क्लोरीन असेल तर ती गुलाबी होते. जितकं क्लोरीन जास्त, तितका रंग गडद. मग ती छोटी बाटली मीटरमध्ये ठेवतात. मीटर तिच्यातून ५१५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश सोडतं आणि पलीकडे किती पोचला ते मोजतं. कमी पोचला म्हणजे रंग जास्त, म्हणजे क्लोरीन जास्त. एवढाच त्याचा हिशोब.

अडचण अशी, की प्रकाश का कमी झाला हे मीटरला कळत नाही. गुलाबी रंगाने शोषला की गढूळपणाच्या कणांनी विखुरला, त्याच्या लेखी दोन्ही सारखंच. म्हणून गढूळ पाण्यात आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. आणि हीच चूक सगळ्यात वाईट, कारण क्लोरीन कमी असताना बोर्ड "सगळं ठीक" म्हणतो.

यावरचा उपाय म्हणजे 'झिरो' नीट करणं. गोळी टाकण्याआधी त्याच पूलचं, त्याच वेळी घेतलेलं पाणी बाटलीत भरून मीटर शून्यावर आणायचं. म्हणजे गढूळपणा आधीच वजा होतो, आणि उरतो फक्त गुलाबी रंग. आमच्या भाषेत, ओपनिंग बॅलन्स बरोबर घेतला तरच वर्षाचा नफा खरा.

आमच्या न्यू जर्सीच्या कम्युनिटी पूलवर गेल्या उन्हाळ्यात नेमकं हेच बिनसलं होतं. वादळी पावसानंतर पाणी दुधट झालेलं, बोर्डावर २.३ पीपीएम. मी जरा वेळ उभी राहून बघितलं. कामावरचा मुलगा झिरोसाठी स्वच्छ पाण्याची एक बाटली भरून डब्यातच ठेवत होता, रोज तीच. मुलगा भला होता, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाळा, एकदा पूलच्याच पाण्याने झिरो करून बघ ना." आकडा आला १.७.

फरक ०.६ चा. तुम्ही म्हणाल, त्यात काय! पण अमेरिकेत सीडीसी पूलसाठी किमान १ पीपीएम सांगते आणि उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून सायन्युरिक ॲसिड घातलं असेल तर किमान २. आमच्याकडे ते घालतात. म्हणजे २.३ पास, १.७ नापास. पूल दोन दिवस बंद राहिला. लेक माझ्याशी एक दिवस बोलली नाही.

झिरो बरोबर असला तरी काही गोष्टी राहतातच. कण जड असतील तर झिरो आणि रीडिंगच्या मधल्या वेळात खाली बसतात, म्हणून दोन्ही वेळा बाटली अलगद उलटीपालटी करून लगेच वाचायचं. बाहेरून पुसायची, बोटांचे ठसे आणि बुडबुडेही प्रकाश अडवतात. मोकळं क्लोरीन मिनिटभरात वाचायचं, नाहीतर घाम-लघवीशी जोडलं गेलेलं क्लोरीनही हळूहळू रंग द्यायला लागतं. "मग पाणी आधी गाळूनच घेऊ" असं वाटतं, पण गाळताना क्लोरीनच कमी होतं, आणि आकडा उलट्या बाजूने चुकतो.

फारच गढूळ असेल तर मीटर सोडून थेंबांचा किट बरा. त्यात आधी गुलाबी रंग आणायचा, मग दुसरं द्रावण थेंब थेंब टाकत रंग पूर्ण जाईपर्यंत थेंब मोजायचे. रंग किती गडद हे ठरवायचं नसतं, तो गेला की नाही एवढंच बघायचं. प्रयोगशाळेत विजेच्या प्रवाहावरून मोजायची पद्धतही आहे. तिला गढूळपणाचा फारसा त्रास नाही, पण ते उपकरण आपल्या पूलवर कोण आणणार!

आणि आकडा कितीही छान असो, काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर मूल पाण्यात सोडू नका. बुडणारं मूल लाइफगार्डला दिसणारच नाही. इथल्या आरोग्य नियमावलीतही अशा वेळी पूल बंद करा असंच आहे. क्लोरीनचा वाद नंतर घाला.

जाता जाता गावाकडचं. तिकडे विहिरीत टीसीएल पावडर टाकून 'ओटी टेस्ट' करतात, त्यात रंग पिवळा येतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी मुळातच मातकट पिवळं, मग टेस्टचा पिवळा कुठला आणि मातीचा कुठला? आईबाबा गावी असतील तर त्यांना सांगा, औषध न टाकलेली त्याच पाण्याची दुसरी नळी शेजारी धरायची आणि दोन्हींमधला फरक बघायचा. माझ्या बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, आमचा जलसुरक्षक तसंच करतो."