यशाचा गळ

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, ॲबरडीन नावाचे गाव आहे. लाकूडतोडीवर ते वाढले आणि तो धंदा ओसरताच उतरणीला लागले. कर्ट कोबेन याच गावात लहानाचा मोठा झाला. चित्रांत रमणारा आणि दांडगट मुलांच्या थट्टेचा विषय ठरलेला हा मुलगा गिटारच्या आश्रयाला गेला. क्रिस्ट नोवोसेलिक या मित्रासह १९८७ मध्ये त्याने रॉक बँड उभा केला. त्याला पुढे भारतीय परंपरेतील ‘निर्वाण’ या शब्दावरून ‘निर्वाणा’ हे नाव मिळाले.

१९८९ मधील ‘ब्लीच’ हा त्यांचा पहिला अल्बम अवघ्या ६०६ डॉलरांत ध्वनिमुद्रित झाला होता. त्याला श्रोते थोडे लाभले. पण ते यांच्याच जातकुळीचे, प्रवाहाबाहेरचे होते.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी मोठी कंपनी पाठीशी होती. १९९१ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या ‘साउंड सिटी’त ध्वनिमुद्रण सुरू झाले. डेव्ह ग्रोल हा दमदार ड्रमवादक नुकताच येऊन मिळाला होता. एकच ओळ दोनदा गाऊन आवाज भरीव करण्याची निर्माता बुच विग याची सूचना कोबेनला कृत्रिम वाटे. जॉन लेननही तसेच करीत असे, हे ऐकल्यावर मात्र तो राजी झाला. ‘समथिंग इन द वे’ हे गीत तर त्याने कोचावर पडल्या पडल्या, जवळजवळ पुटपुटत गायिले. त्या वेळी खोलीतला पंखाही बंद ठेवावा लागला. गर्जना आणि कुजबुज ही दोन टोके या अल्बममध्ये अशी शेजारी शेजारी नांदतात.

२४ सप्टेंबर १९९१ रोजी ‘नेव्हरमाइंड’ प्रसिद्ध झाला. अमेरिकेत प्रारंभी जेमतेम ४६ हजार प्रती पाठवल्या गेल्या होत्या. पण जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून तो खपाच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचला. पुढे एकट्या अमेरिकेतच त्याचा खप एक कोटीच्या वर गेला.

खरी कसोटी येथून सुरू झाली. ज्या दांडगटांपासून पळून कोबेनने गाण्यात आसरा शोधला होता, तसलेच चेहरे आता समोरच्या गर्दीत तीच गाणी गात होते. १९९२ च्या अखेरीस निघालेल्या संग्रहासोबत त्याने एक टिपण जोडले. वंश, लिंग वा लैंगिकता यांवरून माणसांचा द्वेष करणाऱ्यांनी आमचे कार्यक्रम ऐकू नयेत, आमच्या ध्वनिमुद्रिका घेऊ नयेत, असे त्याने त्यात बजावले. आपलेच गिऱ्हाईक नाकारणारा असा कलावंत विरळा. त्याला आता ‘नेव्हरमाइंड’चा गुळगुळीतपणाही सलू लागला होता. म्हणून १९९३ चा ‘इन युटेरो’ त्याने मुद्दाम खरखरीत ठेवला. तोही पहिल्याच स्थानी गेला!

एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कोबेनने आपले जीवन संपवले. जुनाट पोटदुखी, हेरॉइनचे व्यसन आणि नैराश्य यांनी त्याला ग्रासले होते. या मृत्यूचा दोष एकट्या यशाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मात्र मनाची जखम भरून काढणे यशाच्या आवाक्यात नसते, एवढे खरे.

‘नेव्हरमाइंड’च्या वेष्टनावर पाण्याखाली पोहणारे एक तान्हे बाळ आहे. त्याच्यासमोर गळाला लावलेली डॉलरची नोट आहे. कल्पना कोबेनचीच होती. पैशाच्या मोहाची थट्टा करणारे ते चित्र पुढे कोट्यवधी घरांत विकत घेऊन नेले गेले. गाणे एकदा गळ्यातून सुटले की कोणाच्या दारी जावे, हे गायकाच्या हाती राहत नाही. त्या दांडगटांच्या घरी ते पोहोचले, तसेच कोठल्यातरी उतरणीला लागलेल्या गावातील एकाकी मुलाच्या खोलीतही पोहोचले. कोबेनने ते गायिले होते, ते अशाच एखाद्या मुलासाठी.