कोट खुंटीला लावणारा माळी

कासारवाडीत रेल्वे आणि महामार्ग यांच्या मध्ये राहणाऱ्या कुटुंबाची बाग म्हणजे बहुधा गॅलरीतल्या चार कुंड्या. अशा घरांतूनही इंग्लंडच्या पर्सी थ्रोअर यांना चाहते लाभले असते.

1913 मध्ये एका हवेलीच्या मुख्य माळ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. विंडसरच्या राजउद्यानात ते कसब शिकले. तेथील मुख्य माळ्याची कन्याच पुढे त्यांची पत्नी झाली. 1946 पासून 1974 पर्यंत ते श्रूजबरीचे उद्यान अधीक्षक होते. 1956 मध्ये बीबीसीवर ‘गार्डनिंग क्लब’ सुरू झाले आणि 1969 पासून ‘गार्डनर्स वर्ल्ड’. टायसह काचगृहात यायचे, कोट काढून खुंटीला अडकवायचा आणि कामाला लागायचे, ही त्यांची ओळख.

मग 1976 उजाडले. आयसीआय या रसायन कंपनीच्या बागेसाठीच्या मालाची जाहिरात त्यांनी स्वीकारली, आणि स्वतः जाहिराती न घेणाऱ्या बीबीसीने ‘गार्डनर्स वर्ल्ड’मधून त्यांना दूर केले. सल्ला देणाऱ्याने माल खपवावा काय? पेढीवर बसणाऱ्यास हा प्रश्न नवा नाही. नियम रास्तच होता. पण श्रूजबरीत त्यांचे रोपविक्रीचे दुकान होतेच, ते मात्र कोणाला खुपले नव्हते!

मुलांच्या ‘ब्लू पीटर’मधील बाग मात्र त्यांच्याचकडे राहिली. 1983 मध्ये कोणी रात्री शिरून तिची नासधूस केली. सत्तरीतले थ्रोअर कॅमेऱ्यासमोर उभे राहून ती पाहत होते. बाग पुन्हा उभी राहिली. मार्च 1988 मध्ये ते निवर्तले.