आधी कोंबडी की आधी अंडे?

काही प्रश्न उत्तर मिळावे म्हणून विचारलेच जात नाहीत. 'आधी कोंबडी की आधी अंडे?' हा त्यांतलाच एक. बालपणी तो कोडे म्हणून भेटतो आणि मोठेपणी सबब म्हणून. रस्ता नाही म्हणून एस.टी. येत नाही आणि एस.टी. येत नाही म्हणून रस्त्याची निकड कोणाला पटत नाही; ग्रामसभेत असा पेच पडला की कोणीतरी हसून म्हणतो, "हे आपले कोंबडी-अंड्यासारखे झाले." सगळे हसतात, चहा येतो, आणि विषय तेथेच राहतो. ज्या प्रश्नाला तोंडच नाही, त्यात शिरण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

प्रश्न तसा फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या प्लुटार्क या ग्रीक लेखकाने भोजनप्रसंगी रंगणाऱ्या चर्चांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात तो अंडी खात नाही म्हणून मित्र त्याची थट्टा करतात आणि बोलता बोलता हा वाद निघतो. एक जण अंड्याची बाजू घेतो, कारण साध्यापासूनच गुंतागुंतीचे घडते. दुसरा कोंबडीची बाजू घेतो, कारण पूर्ण वस्तूवाचून तिचा अंश संभवत नाही. तिसरा मित्र मात्र बजावतो की, या लहानशा प्रश्नाच्या हत्याराने आपण विश्वाच्या आरंभाचा अवजड प्रश्न हलवू पाहत आहोत.

विज्ञानाकडे गेल्यास ते आधी प्रश्नच दुरुस्त करून देते. जमिनीवर घालता येणारे, आवरण असलेले अंडे प्राणिसृष्टीत ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आले. कोंबडी मात्र काही हजार वर्षांपूर्वी तांबड्या रानकोंबड्यापासून माणसाळवली गेली. म्हणजे अंडे आधी. पण कोंबडीचेच अंडे म्हटले, तर उत्तर पुन्हा निसटते. पिढ्यांगणिक इतका थोडा फरक पडत गेला की, 'ही शेवटची रानकोंबडी आणि हे पहिल्या कोंबडीचे अंडे' असे बोट दाखवता येत नाही. शिवाय ही वंशरेषा एकाच घराण्याची नाही. अनेक कोंबड्यांच्या पायांना जो पिवळा रंग असतो, त्याचा जनुक आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे.

आपल्या दर्शनकारांनी हाच पेच बीज आणि अंकुर यांच्या रूपाने मांडला आणि त्याला 'बीजांकुरन्याय' असे नाव दिले. दोन गोष्टी परस्परांवरच टेकून उभ्या असतील तर तर्कशास्त्र त्याला 'अन्योन्याश्रय' हा दोष मानते. मग बीज आणि वृक्ष यांच्यात तो दोष का येत नाही? कारण हे बीज ज्या वृक्षाचे, तो वृक्ष या बीजापासून उगवलेला नसतो. त्याचे बीज वेगळे, आणि त्या बीजाचा वृक्ष आणखी वेगळा. संसाराचे अनादित्व सांगताना शंकराचार्यांनी हा दृष्टांत स्वीकारला. त्यांच्यापूर्वी गौडपादांनी मात्र हा दृष्टांतच अजून सिद्ध व्हायचा आहे, असा आक्षेप घेतला होता. तो वाद मोठ्यांचा आहे. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. 'कोंबडी' आणि 'अंडे' या सामान्यनामांमुळे आपल्याला वर्तुळ दिसते. प्रत्यक्षात ती एक लांब रेषा असते आणि ती अनेक दारांवरून जात असते.

ही गोष्ट मला ग्रंथात सापडण्यापूर्वी आत्याकडून कळली होती. पती निवर्तल्यावर ती कृष्णाकाठच्या आमच्या घरी राहायला आली. भावाच्या घरात दोन वेळचे अन्न होते. पण पातळासाठी किंवा औषधासाठी दर वेळी हात पसरणे तिला नको होते. कोंबड्या पाळाव्यात असे तिने ठरवले. कोंबडी विकत घ्यायला पैसे नव्हते आणि पैसे यायचे ते अंडी विकूनच. कोड्यातला पेच तिच्यापुढे खराखुरा उभा राहिला.

शेजारच्या काकूंची कोंबडी त्या वेळी खुडूक झाली होती. खुडूक कोंबडी अंडी घालत नाही, नुसती बसून राहते. वरच्या आळीतल्या एका आजींकडे अंडी होती, पण रवणीला बसवायला कोंबडी नव्हती. आत्याने दोघींशी बोलून कोंबडी एकीची आणि अकरा अंडी दुसरीची घेतली. डालग्यात भुसा पसरला आणि २१ दिवस दाणापाणी, मांजर, पाऊस यांची राखण केली. दोन अंडी वाया गेली, नऊ पिल्ले निघाली. ठरल्याप्रमाणे तीन काकूंना, तीन आजींना गेली. उरलेल्या तिघांतले एक घारीने नेले. दोहोंपैकी एक तलंग निघाली, आणि तिच्या अंड्यांपासून आत्याचे खुराडे भरले. माझ्या दहावीच्या परीक्षेची फी त्याच खुराड्यातून आली.

हा व्यवहार होता, दानधर्म नव्हता. तरीही त्यात धोका होता. ती अकरा अंडी सडली असती, तर आजींचे त्या आठवड्याचे मीठ-मिरची बुडाले असते. आत्याकडे तारण ठेवण्यासारखे काही नव्हते. आजींनी तिच्या शब्दावर अंडी मोजून दिली.

पुढे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकत असताना मी आत्याला मोठ्या ऐटीत विचारले, "आधी कोंबडी की आधी अंडं?" कोंबड्यांना दाणे टाकीत ती म्हणाली, "कुणाची कोंबडी अन् कुणाचं अंडं, ते आधी सांग."

तेव्हापासून असा पेच समोर आला की मी तिचा प्रश्न विचारून पाहतो. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी. शिक्षणासाठी पात्रता हवी आणि पात्रतेसाठी शिक्षण हवे. एकट्या माणसाभोवती हे वर्तुळ पक्के बंद असते. ते उघडते तेव्हा कोणीतरी आपल्या जवळचे थोडे, परत येईलच याची खात्री नसताना, पुढे केलेले असते. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने पूर्वीचे प्रमाणपत्र न मागता प्रवेश दिला, तोही असाच विश्वास होता. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले, तेही याच वाटेवर.

पण नुसत्या उसन्या अंड्यांनी खुराडे भरत नाही. मधले २१ दिवस आत्याचे होते. दिवसभराचे काम उरकून रात्री दिव्याखाली पुस्तक उघडणाऱ्यांना ते दिवस कसे असतात, हे मी निराळे सांगायला नको. त्या काळात बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. अंडे कालच्यासारखेच दिसते, आणि तरीही रोज ऊब द्यावी लागते.