कर्कटक आणि अक्षर

गतवर्षीं पालकसभेची निमंत्रणपत्रिका सजविण्याचें काम नववीच्या एका विद्यार्थ्याकडे सोंपविलें होतें. त्यानें पट्टी व कर्कटक घेऊन ठळक, चौकोनी वळणाचीं अक्षरें काढिलीं. एखाद्या अग्निबाणाच्या अंगावर शोभावींत अशीं तीं होतीं. "सर, हीं उद्यांचीं अक्षरें!" असें तो मोठ्या उत्साहानें म्हणाला. मलाही तीं इतकीं आवडलीं कीं, बारकाईनें न वाचतांच मीं पत्रिका छापावयास दिली.

ती घरीं नेली तेव्हां माझ्या वृद्ध आईनें चष्मा लावून वाचावयास घेतली. थोड्या वेळानें ती म्हणाली, "नक्षी सुंदर आहे रे, पण ही 'पालकसमा' म्हणजे काय?" मीं पाहिलें आणि खजील झालों. डोक्यावरची रेघ सर्वत्र सारखीच ओढल्यामुळें 'भ'चा 'म' झाला होता, आणि अखेरीस 'धन्यवाद'ऐवजीं 'घन्यवाद' होते! दुसऱ्या दिवशीं वर्गांत मुलें हंसलीं. तो विद्यार्थी मान खालीं घालून बसला. वास्तविक तपासणारा मी; चूक माझी. तसें मीं सर्वांसमक्ष सांगितलें.

मग मीं त्यांस 'फ्युचुरा' या टाइपाची हकीकत सांगितली. जर्मनींतील पॉल रेनर यांनीं वर्तुळ, चौकोन व त्रिकोण यांच्या आधारें तो रचिला, आणि फ्रँकफुर्टच्या बाउअर टाइप फौंड्रीनें तो १९२७ सालीं बाजारांत आणिला. त्याच्या नांवांतच भविष्यकाळ आहे. रेनर यांच्या पहिल्या आराखड्यांतील कांहीं अक्षरें इतकीं भौमितिक होतीं कीं, एक अक्षर म्हणजे नुसता दांडा व त्याशेजारीं टिंब! तीं वाचावयास कठीण, म्हणून बहुतेक गाळलीं गेलीं. जीं राहिलीं, त्यांतही गोलाई दांड्यास मिळते तेथें रेघ हळूच बारीक केली आहे. डोळ्यास सुख व्हावें म्हणून कर्कटकासही नमतें घ्यावें लागलें.

रेनर स्वतः मात्र सत्तेपुढें नमले नाहींत. नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर त्यांनीं १९३२ सालीं पुस्तिका लिहून टीका केली. १९३३ सालीं त्यांस अटक झाली व मुद्रणविद्यालयांतील पद गेलें. पुढें १९६९ सालीं 'अपोलो ११'च्या यात्रिकांनीं चंद्रावर ठेविलेल्या पट्टिकेवरचा मजकूर याच अक्षरांत कोरलेला होता.

विद्यार्थिमित्रहो, अक्षर ठळक करणें सोपें आहे. वाचणाऱ्यासाठीं स्वतःची आवडती रेघ पुसणें कठीण. आपल्या विद्यार्थ्यानें ती पुसली. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावर त्यानें जागा मोकळी सोडली, सांधे बारीक केले, आणि पत्रिका पुन्हां काढिली. तिची पहिली प्रत त्यानें मला दिली नाहीं. माझ्या आईच्या हातीं दिली. तिनें ती न अडखळतां वाचली.