बावडीतले लांब तंगड्यांचे भाडेकरू

दिल्ली पाहायला गेलेली मराठी मंडळी कुतुबमिनारपर्यंत हमखास जातात. मिनारासमोर फोटो होतो, लोहस्तंभ पाहून होतो आणि गाडीवाल्याने घाई केली की सगळे परततात. कुतुबला लागूनच मेहरौली पुरातत्त्व उद्यान आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही. बाभळीच्या रानातून जाणाऱ्या पायवाटा, पडक्या भिंती, घुमट आणि कबरी यांचा हा मोठा परिसर अर्ध्या दिवसात सहज पाहून होतो. १२८७ साली निधन पावलेल्या सुलतान बल्बनची कबर इथेच आहे. भारतात खरी कमान प्रथम इथे बांधली गेली, असे मानतात. सोळाव्या शतकातली जमाली-कमाली मशीदही इथलीच.

पण मुलांना घेऊन जाणार असाल तर ‘राजों की बावली’ चुकवू नका. नावावरून ही राजेरजवाड्यांची असेल असे वाटते. प्रत्यक्षात हिंदीत ‘राज’ म्हणजे गवंडी. म्हणजे ही गवंड्यांची बावडी! सिकंदर लोदीच्या काळात, १५०६ साली दौलत खान याने ती बांधवली. रुंद दगडी पायऱ्या मजल्यामजल्याने खाली पाण्याकडे उतरतात आणि दोन्ही बाजूंना कमानींचे गारेगार सज्जे आहेत. बाहेर ऊन रणरणत असले तरी आत शिरताच बरे वाटते.

हा गारवा आणि अंधार आणखी कोणाला तरी आवडतो. बावडीचा सज्जा असो, कबरीचा कोनाडा असो की मशिदीचा अंधारा जिना, अशा जागी छताच्या कोपऱ्यात बॅटरीचा झोत टाकून पाहा. विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकलेला, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंगाचा आणि केसासारख्या बारीक, लांबच लांब तंगड्यांचा एक जीव दिसण्याची बरीच शक्यता आहे. जाळ्याला काडी लावली तर तो पळत नाही. जागच्या जागी इतक्या वेगाने थरथरतो की नुसता धूसर ठिपका दिसतो. शत्रूला चकवण्याची त्याची ही युक्ती आहे.

हा आहे तरी कोण?

इंग्रजी पुस्तके वाचलेली मुले लगेच सांगतील, ‘डॅडी लाँगलेग्ज!’ घोटाळा इथेच सुरू होतो. कारण या एका नावाने दोन अगदी वेगळे प्राणी ओळखले जातात. एक खराखुरा कोळी. दुसरा कोळ्याचा दूरचा नातलग, ‘हार्वेस्टमन’. युरोपात सुगीच्या दिवसांत शेतांत तो जास्त दिसतो, म्हणून हे नाव पडले. आपण त्याला ‘सुगीवाला’ म्हणू. त्याच्या गणाचे शास्त्रीय नाव ओपिलिओनीस. लॅटिनमध्ये ‘ओपिलिओ’ म्हणजे मेंढपाळ. फ्रान्सच्या काही दलदलीच्या भागात मेंढपाळ पूर्वी लाकडी पायांवर चढून कळपावर नजर ठेवीत, हे आठवले की नाव किती चपखल आहे ते कळते.

सुगीवाल्याच्या जगात साडेसहा हजारांहून अधिक जाती आहेत. स्कॉटलंडमध्ये सापडलेला त्याचा एक जीवाश्म सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यातही ते लांब पाय ओळखू येतात. इतक्या काळात या प्राण्याची ठेवण फारशी बदललेली नाही.

आता त्याची शरीररचना पाहू. कोळ्याचे अंग दोन भागांचे असते आणि मध्ये बारीक कंबर असते. सुगीवाल्याला कंबरच नाही. डोके, छाती आणि पोट मिळून एकच गोळा, जणू पाय फुटलेला वाटाणा. बहुतेक जातींत पाठीवर एक उंचवटा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक असे दोनच डोळे असतात. चार जोड्यांपैकी पायांची दुसरी जोडी सर्वांत लांब असते. तिचा उपयोग चालण्यापेक्षा चाचपण्यासाठी जास्त होतो, आंधळ्याच्या काठीसारखा. त्याला रेशीम काढता येत नाही, म्हणून तो जाळे विणत नाही. विषही नसते. शत्रू आला तर अंगाच्या पुढच्या कडांवरील ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतो. त्यानेही भागले नाही तर पकडीतला पाय तोडून देतो. तुटलेला पाय काही वेळ वळवळत राहतो आणि धनी निसटतो. मात्र पाय पुन्हा उगवत नाही. कोळी भक्ष्य विरघळवून त्याचा रस शोषतात. सुगीवाला मात्र बारीक तुकडे खाऊ शकतो. किडे, बुरशी, कुजका पाला, त्याला काहीही चालते.

दिल्लीचा रहिवासी

सुगीवाल्याला ओलावा लागतो. आपल्या देशात हिमालय, ईशान्य भारत आणि सह्याद्रीची ओली जंगले ही त्याची घरे. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या खडकांवर पाहिले तर तो सापडू शकेल. दिल्लीच्या कोरड्या हवेत तो सहसा दृष्टीस पडत नाही. तेव्हा मेहरौलीच्या कोनाड्यात थरथरणारा तो जीव बहुधा खरा कोळीच असणार.

अशा कोळ्यांपैकी उत्तर भारतात घरोघरी आढळणारा एक म्हणजे ‘क्रॉसोप्रायझा लायोनी’. इंग्लंडचे कोळीतज्ज्ञ जॉन ब्लॅकवॉल यांनी १८६७ साली भारतातून आलेल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. आज तो माणसांच्या घरांबरोबर उष्ण प्रदेशांत जगभर पसरला आहे. त्याची ओळख सोपी आहे. पोट राखाडी, काहीसे चौकोनी, आणि मागच्या टोकाला वर उचललेला कोन. पायांवर तपकिरी ठिपके. डोळे आठ, दोन बाजूंना तीन-तीन आणि मध्ये दोन. मादी आपली अंडी दोन-चार धाग्यांत गुंडाळून जबड्यात धरून बसते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. ही गोल पुडी भिंगाशिवायही दिसते.

मुलांना एवढे चार प्रश्न शिकवा. कंबर आहे का? जाळे आहे का? डोळे दोन की अनेक? जबड्यात अंड्यांची पुडी दिसते का? कंबर आणि जाळे असेल तर कोळी. दोन्ही नसतील आणि डोळे दोनच असतील तर सुगीवाला. पुडी दिसली तर ती कोळ्याची आई, हे नक्की.

विषाची दंतकथा

‘हा जगातला सर्वांत विषारी कोळी, पण दात इतके लहान की चावता येत नाही,’ ही गोष्ट आपल्याकडेही ऐकू येते. तिला आधार नाही. सुगीवाल्याला विषच नाही आणि या घरगुती कोळ्याचे विष माणसाच्या दृष्टीने किरकोळ आहे. भीतीपोटी त्याला चपलेखाली चिरडण्याचे काहीच कारण नाही.

उलट त्याचे आपल्यावर थोडे उपकारच आहेत. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची भयंकर साथ आली. दहा हजारांवर लोक आजारी पडले आणि चारशेहून अधिक दगावले. त्यानंतरच्याच वर्षी, १९९७ मध्ये, थायलंडमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात क्रॉसोप्रायझा लायोनी हा डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची शिकार करतो असे नोंदवले होते. म्हणजे दसऱ्या-दिवाळीला आपण जळमटे म्हणून जे झाडून टाकतो, त्यात डासांचा एक शिकारीही असतो.

याचा अर्थ घरभर जळमटे वाढवावीत असा नव्हे. एकटा कोळी डेंग्यू थांबवू शकत नाही. कूलरचे पाणी दर आठवड्याला ओतून टाकी कोरडी करणे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करणे, हे आपल्यालाच करावे लागते. पण माळ्यावर, जिन्याखाली, मोटारीच्या गॅरेजात एखादा कोपरा त्याच्यासाठी सोडला तर आपले काय बिघडणार आहे?

जाताना

ऑक्टोबर ते मार्च हा काळ दिल्लीत हिंडण्यासाठी चांगला. मेट्रोच्या यलो लाइनवर कुतुबमिनार स्थानकावर उतरावे आणि पुढे रिक्षा करावी. सोबत लहान बॅटरी, भिंग आणि पाण्याची बाटली असू द्यावी. पायऱ्या उतरताना मुलांचा हात धरावा, पाण्याच्या कडेला जाऊ देऊ नये. भिंतींवर नावे कोरू नयेत आणि कोळी पाहायचा तर हात न लावता पाहावा. मेहरौलीला वेळ नसेल तर कॅनॉट प्लेसजवळ हेली रोडवर अग्रसेन की बावली आहे. शंभराहून अधिक पायऱ्यांची ती बावडी तासाभरात पाहून होते.

गवंड्यांनी पाचशे वर्षांपूर्वी घडवलेल्या कमानीखाली हा इवलासा कोष्टी आपले काम करत असतो. इतिहास पाहायला गेलेल्या मुलांना तो दाखवा. परतल्यावर घरच्या कोपऱ्यातला कोळी पाहून ती किंचाळणार नाहीत, आधी त्याची कंबर शोधतील.